राणेबाईंचा अर्धा भाग

वरच्या मजल्यावरच्या राणेबाई बासरी वाजवताना मधेच थांबत. इतका वेळ थांबत, की कान वर लावून बसलेल्या माझ्या हातची पोळी तव्यावर करपायची. मग पुन्हा एक लांब, भरड सूर यायचा.

एकदा त्यांचं टपाल चुकून माझ्याकडे आलं. ते द्यायला वर गेले तेव्हा विचारलंच, हे काय वाजवता आणि मधेच का थांबता. त्यांनी हातातला जाडजूड बांबू दाखवला. जपानी बासरी, उभी धरून वरच्या कडेवर फुंकायची. बाई अंधेरीच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढत. कंपनीने त्यांना वर्षभर जपानला पाठवलं होतं, तिथे एका म्हाताऱ्या गुरूंकडे त्या शिकल्या.

"ही जुनी धून दोघींनी वाजवायची असते," त्या म्हणाल्या. "मी थांबते तेव्हा हारुको वाजवते."

हारुको म्हणजे तिथली त्यांच्या बरोबरीची शिष्या. बाईंना परत येऊन तीस वर्षं होऊन गेली होती.

"तिचा भाग तुम्हाला येत नाही?"

"येतो ना. पण तोही मी वाजवला, तर तिला जागा कुठे उरली?"

इथे मुंबईत, नाहूरला, बाईंचं असं कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भाऊ मालवणला. सोसायटीच्या गणपतीत एकदा त्यांना वाजवायला सांगितलं, तर त्या पहिल्यांदा थांबल्या तेव्हाच लोकांनी टाळ्या वाजवून माइक काढून घेतला. मीही त्यांच्याकडे सूर काढायला बसायचे, नुसता वारा यायचा. "घाई कित्याक गो?" त्या म्हणायच्या. "तिकडच्या नव्या रचनांत वारासुद्धा सूर म्हणून चालतो."

व्हिडिओ कॉल लावायला मीच शिकवलं. पहिल्या रविवारी पडद्यावर हारुको फुंकताना दिसली, आवाज मात्र शून्य. फोन त्या सुराला पंख्याची घरघर समजून गाळत होता. मी सेटिंग बदललं आणि पलीकडून सूर आला. बाईंनी डोळे मिटून घेतले. पुढे दोन वर्षं दर रविवारी सकाळी वर दोन बासऱ्या वाजत. आवाज जरा उशिरा पोचायचा. बाई म्हणत, "तीस वर्षं थांबले, दोन सेकंदांचं काय घेऊन बसलीस?"

मग एका रविवारी पडद्यावर हारुकोची मुलगी आली. बाई तिच्याशी जपानीत थोडं बोलल्या, वाकून नमस्कार केला आणि फोन बंद केला.

"बुधवारी गेली," त्या मला म्हणाल्या. "जरा चहा टाकतेस?"

पुढच्या रविवारी वरून आलेला सूर बाईंच्या नेहमीच्या भागातला नव्हता. एरवी जिथे बाई थांबायच्या तिथेच तो वाजत होता, आणि बाईंची जागा मोकळी होती. मी वर गेले.

"आज तिचा भाग वाजवला," बाई म्हणाल्या. "आता तो कोण वाजवणार?"

"आणि तुमचा?"

"तो तुला पाठ झालाय ना, खालून ऐकून ऐकून?"

दिवाळीनंतर भाऊ त्यांना मालवणला घेऊन गेला. वरच्या घरात आता भाडेकरू राहतात. रविवारी सकाळी बाईंचा फोन येतो. बोलणं फार होत नाही. त्या हारुकोचा भाग वाजवतात आणि थांबतात. तेवढ्यात मी मनातल्या मनात बाईंचा भाग म्हणते, आणि तो संपला की "हं" म्हणते. मग त्या पुढचं वाजवतात.