गाडीवाडीतला चौथा हिवाळा

माजिवडा सोडून बाळकुमच्या पुढे खाडीकडे उतरलं की दामाजी कोळ्याची एक मोकळी जागा लागते. पूर्वी तिथे मिठागर होतं, ते बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. दिवाळी संपली की या जागेवर एकेक राहती गाडी येऊन उभी राहते. कुणी जुन्या मिनीबसच्या सीटा काढून आत पलंग आणि ओटा करून घेतलाय, कुणी जीपच्या मागे चाकांवरची खोली ओढत आणलेली. पाच-सहा म्हातारी जोडपी शिमग्यापर्यंत इथे मुक्काम टाकतात. दामाजी त्यांना नळाचं पाणी आणि विजेची वायर देतो, त्याची बायको मालू बाजाराला जाता-जाता पाटीतली ताजी मासळी देऊन जाते. गावातले लोक या जागेला गाडीवाडी म्हणतात.

शेवंती आणि सहदेव तिथे पहिल्यांदा आले ते हौसेने नाही, अडचणीतून. विठ्ठलवाडीला त्यांचं एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर. मुलगा सूरज, सून शिवानी आणि नात प्राप्ती खोलीत झोपायची, ही दोघं स्वयंपाकघरात. सहदेव खोपटच्या डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता तोवर काही वाटलं नाही, कारण महिन्यातल्या निम्म्या रात्री तो वस्तीच्या गाडीवर असायचा. आज नारायणगाव, उद्या शिर्डी. तो रिटायर होऊन कायमचा घरी आला तेव्हा शेवंतीच्या लक्षात आलं, की चौतीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला बंद करता येईल असं एक दार कधी मिळालंच नाही.

मग सहदेवने एका कंपनीची जुनी स्टाफची गाडी घेतली. चार महिने खपून त्याने आत पलंग बसवला, गॅसची शेगडी बसवली, छतावर पाण्याची टाकी चढवली. शेवंतीने जुन्या साड्यांचे पडदे शिवले. दामाजी त्याच्या जुन्या ओळखीचा, त्याने जागा दिली. पहिल्या संध्याकाळी सहदेवने गाडीचं दार आतून ओढून घेतलं, कडी लावली, आणि दोघं पलंगावर बसून राहिली. शेवटी शेवंती म्हणाली, "चहा टाकू?" आणि सहदेव उगाचच हसत सुटला.

असे तीन हिवाळे गेले. सकाळी धुकं खाडीवरून हळूहळू उठायचं, चिखलात बगळे उतरायचे. सहदेव गाडीचं बॉनेट उघडून काहीतरी पुसत बसायचा. शेजारी डोंबिवलीच्या शुभदाताई आणि त्यांचे मिस्टर. शुभदाताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांच्या दारात रोज दुपारी बायकांचा अड्डा जमायचा. शेवंतीने शिलाई मशीनही आणून ठेवलं होतं, फॉल-पिकोची कामं ती इथेही करायची.

चौथ्या वर्षी मात्र काहीतरी बिघडलं होतं, आणि काय ते तिला कळेना.

नेहमीप्रमाणे सहदेव भाऊबीज झाल्या-झाल्या गाडी घेऊन पुढे आला होता, शेवंती मागून आली. पाहते तर हा माणूस गप्प. बॉनेट उघडत नव्हता, चाकांना लाथ मारून हवा बघत नव्हता. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा ग्लास दोनदा त्याच्या कोपराने उपडा झाला. मालू त्याच्या बाजूने येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता नसायचा, तिने हाक मारली की तो दचकायचा. एकदा तो हयातीच्या दाखल्याचं काम आहे म्हणून सकाळी गेला तो संध्याकाळी आला. काम झालं का विचारलं तर म्हणाला, "परत बोलावलंय." दाखल्याला परत कशाला बोलावतील, असं तिच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. संसारभर तो जे सांगेल तेवढंच विचारायची तिला सवय होती.

अमावास्येला उधाण आलं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला खाडीचं पाणी बांध ओलांडून जागेवर पसरायला लागलं. दामाजी धोतराचा सोगा खोचून धावत आला.

"सहदेव, गाडी वर घे रं. पानी चरतंय."

बाकीच्यांनी आपापल्या गाड्या चालू केल्या. सहदेव चावी हातात धरून उभाच राहिला. पाणी मागच्या चाकाला लागलं तरी हलेना. मग त्याने दामाजीच्या थोरल्या मुलाला, भावेशला हाक मारली आणि चावी त्याच्या हातात दिली.

शेवंती बघत राहिली. ज्या माणसाने सख्ख्या मुलाला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, त्याने चावी दुसऱ्याच्या हातात दिली होती. भावेशने गाडी वरच्या अंगाला नेऊन लावली आणि जाताना सहज म्हणाला, "काका, त्या दिवशीपन क्लच असाच कडक वाटलेला. बगून घ्या."

"कुठल्या दिवशी?" शेवंतीने विचारलं.

भावेशने सहदेवकडे पाहिलं, आणि चावी त्याच्या हातात ठेवून निघून गेला.

पाणी ओसरल्यावर शेवंती गाडीत आली. सहदेव पलंगाच्या कडेला बसला होता. तिने दार ओढून घेतलं.

"आता सांगा."

त्याने चावी पलंगावर ठेवली. मग एकेक शब्द काढावा तसं सांगायला लागला. यंदा गाडी घेऊन येताना माजिवड्याच्या नाक्यावर त्याने डावीकडे वळण घेतलं. आरसा बघून घेतलं, बाजूला कुणी नव्हतं, म्हणजे त्याला कुणी दिसलं नव्हतं. स्कूटरवर एक मुलगी होती. गाडीचा आरसा तिच्या हँडलला लागला आणि ती पडली.

"जास्त लागलं?"

"कोपर सोललं. गुडघ्याला थोडं. मी दवाखान्यात घेऊन गेलो तिला. ऐश्वर्या नाव. तुझ्या प्राप्तीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल." तो थांबला. "उठल्या उठल्या म्हणाली, काका, दिसत नाही का? सगळेच म्हणतात तसं. पण मला खरंच दिसली नव्हती, शेवंती."

तिथून पुढे गाडी चालवायची त्याची छातीच झाली नाही. भावेशला फोन करून बोलावलं, त्याने गाडी इथवर आणली. मग दाखल्याचं निमित्त करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलेली, उजव्याची कमी होत चाललेली. गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंब घालून टिकवायचं. गाडी चालवणं बंद. थेंबांची बाटली त्याने पान्यांच्या डब्यात लपवली होती.

"एवढी वर्षं साधा ओरखडा नाही उठला माझ्या हातून," तो म्हणाला. "आणि मला कळलंसुद्धा नाही कधी जायला लागली नजर ती."

शेवंतीला त्याच्या लपवण्याचा राग आला होता, पण तो राग ओठावर येईपर्यंत टिकला नाही. तिने पान्यांचा डबा उघडला, बाटली काढली, पदराने पुसली. "मान मागे करा," म्हणाली. त्याचे थेंब अर्धे गालावर पडत असणार, हे तिला त्याचा हात बघूनच कळलं होतं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थेंब तीच घालायला लागली.

रविवारी सूरज आला. ऐकून घेतल्यावर म्हणाला, "बाबा, मग गाडी विकून टाकू. मी एक माणूस बघतो. तुम्ही दोघं घरी या, कशाला उगाच रिस्क." बोलत होता काळजीनेच. सहदेव मान डोलवत होता. शेवंतीच्या डोळ्यांसमोर विठ्ठलवाडीचं स्वयंपाकघर आलं. ओट्याखाली पाय जातील अशा बेताने टाकलेलं अंथरूण, आणि त्यावर आता भिंतीकडे तोंड करून पडणारा हा माणूस.

"गाडी राहू दे," ती म्हणाली. "मी शिकते."

सूरज हसला. सहदेव हसला नाही. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, त्यासाठी त्याला आता मान पूर्ण वळवावी लागायची.

"साध्या स्कूटीवर बसली नाहीस तू कधी," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे बसवलं?"

तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. शुभदाताईंनी शिकाऊ लायसनचा फॉर्म भरून दिला, डॉक्टरांचा दाखला कुठून आणायचा ते सांगितलं, आणि रस्त्यावरच्या खुणांची चित्रं घेऊन रोज दुपारी तिला समोर बसवलं. "हे लाल वर्तुळ काय सांगतं? घाई नको, विचार करून सांगा," असं त्या शाळेतल्यासारखं विचारायच्या. शेवंतीने सातवीनंतर पहिल्यांदाच पाठांतर केलं. लायसन हातात आलं तेव्हा गाडीवर पुढे-मागे लाल एल चिकटवला, आणि रोज सकाळी भावेश कामावर जाण्याआधी तासभर येऊन बसायला लागला. बरोबर लायसनवाला माणूस हवा, हा नियम सहदेवनेच बजावला होता. भावेश दोघांच्या मध्ये, इंजिनच्या झाकणावर पेंगत बसायचा. शिकवायचा सहदेव.

जुन्या मिठागराची जमीन सपाट आणि टणक होती. पहिल्या दिवशी गाडीने आठ वेळा आचका दिला आणि बंद पडली. आत भांडी खणाणली.

"क्लच एकदम सोडू नकोस."

"एकदम नाही सोडत."

"सोडतेस. हे बघ, झोपलेल्या पोराच्या मानेखालचा हात काढतेस ना, तसा पाय काढायचा. पोराला कळता कामा नये."

शेवंतीने त्याच्याकडे बघितलं. सूरज तान्हा होता तेव्हा हा माणूस आठ-आठ दिवस घरी नसायचा.

"तुम्हाला काय माहीत हात कसा काढतात ते?"

"वस्तीची गाडी लावून सकाळी यायचो ना घरी. तू त्याला निजवत असायचीस. मी दारात थांबून बघायचो, मग आत यायचो. चप्पल वाजेल म्हणून."

हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने क्लच दाबला, गिअर टाकला आणि पाय असा उचलला, की गाडी कधी हलली ते भावेशलाही कळलं नाही.

सहदेवला ड्युटीवरचं काही बोलायची सवय नव्हती. शिकवता-शिकवता मात्र तो बोलायला लागला. गाडी मागे घेताना आधी खाली उतरून बघायचं, हे सांगताना त्याने आळे गावच्या स्टँडवर चाकामागे झोपलेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. वळणावर हॉर्न का द्यायचा, हे सांगताना घाटातल्या धुक्यात कंडक्टर टॉर्च घेऊन पुढे चालायचा ते सांगितलं. शेवंतीला इतकी वर्षं वाटायचं, की तो दुसरीकडे एक आयुष्य जगून येतो आणि इथे फक्त जेवायला आणि झोपायला येतो. त्या सपाट जमिनीवर गोल-गोल फिरताना ते आयुष्य तो हप्त्याहप्त्याने तिच्या ओटीत टाकत होता. भावेशही मग पेंगायचा थांबला.

परीक्षा कल्याणला होती. पहिल्यांदा ती गाडी मागे घेताना खांबाला टेकली आणि नापास झाली. बाहेर येऊन बाकड्यावर बसली. सहदेवने तिला पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसला. "मी दोनदा नापास झालेलो," तो म्हणाला. तिने विचारलं, खरंच? "दोनदा. गावी कुणाला सांगितलं नव्हतं." दुसऱ्या वेळी ती पास झाली. तो खरं बोलला होता की तिच्यासाठी रचून सांगितलं, हे तिने आजवर विचारलेलं नाही.

शिमगा झाला आणि गाड्या निघायला लागल्या. मालूने सुकटीची पुरचुंडी बांधून दिली. "हलू जाशील गो," एवढंच म्हणाली. रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, शेवंतीने गाडी काढली. सहदेव डावीकडच्या सीटवर बसला. जन्मात पहिल्यांदाच त्या बाजूला बसत असल्यासारखा तो कुठे हात ठेवावा ते शोधत होता.

माजिवड्याच्या नाक्यावर सिग्नल लाल होता. तिला माहीत होतं की हाच तो नाका. सिग्नल सुटायच्या आधी त्याने काच खाली केली, मान बाहेर काढून डावीकडे पूर्ण बघितलं आणि म्हणाला, "मोकळं आहे. जाऊ दे." तिने गाडी सोडली.

दुर्गाडीच्या पुलावर चढताना मात्र गाडी बंद पडली. मागे दोन ट्रक, एक बस. हॉर्न सुरू झाले. चावी फिरवताना शेवंतीची बोटं घसरली.

"अहो, तुम्ही घ्या," ती म्हणून गेली.

"मी नाही घेणार," सहदेव म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "ते थांबतील. बसवाला शिव्या देईल, मीपण द्यायचो. तू हँडब्रेक ओढ. आता श्वास घे. गिअर काढ, चावी मार."

गाडी सुरू झाली, हातभर मागे सरकली, आणि मग पुढे चढली. पूल उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

विठ्ठलवाडीला गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी लावली तेव्हा आठ वाजत आले होते. सूरज खिडकीतून बघत असणार, तो प्राप्तीचा हात धरून खाली आला. भावेशने गाडी आणली असेल असं धरून तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला आणि तिथेच थांबला. आत आई होती, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर.

"उतर ना गं," तो म्हणाला.

"उतरते. पाय थरथरतायत, जरा थांब."

सहदेव डावीकडून उतरला आणि बॉनेटवर हात ठेवत पुढून वळसा घालून आला. दार उघडून तो तिथेच उभा राहिला. घाई कसलीच नव्हती.

"सूरज, आईला पाणी आण आधी," तो म्हणाला, आणि तिचे पाय थांबेपर्यंत दार धरून उभा राहिला.