दुखवटा कुणाला द्यायचा

बुधवारी दुपारी मंगलाचा फोन आला तेव्हा मी पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगून आलेले तागे मोजत होतो. "अहो, निघा. आक्का उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. आक्का माझी थोरली बहीण. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या घरी त्या वेळी माझी बायको मंगला एकटीच होती. मी पोचलो तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या, आणि आक्का जेवून जशी आडवी झाली होती तशीच, भिंतीकडे कूस करून... सकाळच्या भाकऱ्या डब्यात होत्या. सुतकाच्या घरात शिजलेलं अन्न ठेवत नाहीत, म्हणून कुणीतरी त्या गाईला घालायला नेल्या. मंगला रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. रडली नाही.

आक्का आमच्याकडे आली त्याला चार वर्षं झाली. दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, आणि वर्षाच्या आत तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेल्यासारखाच झाला, डावा पाय ओढत चालायची. अमळनेरजवळच्या गावातलं तिचं घर बंद करून मी तिला सुरतेला आणलं. नवरा, घर आणि हात, तीन गोष्टी एका वर्षात गेल्या. चौथी आम्ही काढून घेतली, आणि तीही मायेनं. आमच्या खान्देशात रीत अशी की माहेरी आलेल्या बहिणीनं इकडची काडी तिकडे करायची नाही. सासरी राबते, इथे तरी टेकू दे. दोन-चार दिवसांच्या माहेरपणासाठी केलेली ही रीत आम्ही कायमची लावली. जागेवर ताट, जागेवर चहा. तिनं वाटी उचलली की मंगला ओरडायची, "आक्का, ठेवा ती! मी मेले का?"

काही महिन्यांत आक्का बोलेनाशी झाली. आमच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट दिवसभर चालतो, त्यात तिची चाहूलसुद्धा लागायची नाही. दिवेलागणीला मंगला खोलीत जायची आणि दचकून बाहेर यायची. "अंधारातच बसलेल्या असतात हो... माणूस आहे की नुसतं लुगडं ठेवलंय, कळत नाही." जिवंत माणसाची भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली. किंजल नावाची मुलगी घरी येऊ लागली, सुरतचीच, मराठी मोडकंतोडकं. मला वाटलं, ही पण हातपाय ओढून व्यायाम घेणार. तिनं हाताकडे पाहिलंच नाही. स्टूल ओढून आक्कासमोर बसली. "मासी, गावात उठल्यावर पहिलं काम काय करायच्या?"

आक्कानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाकरी."

"किती?"

"घरमा माणसं तितल्या."

"अने अहीं, इथे?"

"आठे मी पाव्हनी शे."

किंजलला ते समजलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणते, इथे मी पाहुणी आहे," मी सांगितलं. मंगला पदराला हात पुसत दारात उभी होती.

नंतर किंजलनं आम्हा दोघांना बाहेर बसवलं. "काका, हाताला काम नाही, तर हात बरा कशासाठी होईल? नवरा गेला, गाव गेलं. आता सकाळी उठायचं कशासाठी, ते मासीबरोबर शोधायचं. हेच मारुं काम."

किंजल गेल्यावर मंगला उसळली. "तुम्हाला काय, तुम्ही दिवसभर पलसाण्याला. गल्लीत मला राहायचंय. लुळ्या नणंदेला राबवते म्हणतील!"

तरी झालं ते असं. ओटा आक्काला उंच, जमिनीवर बसलं तर उठता येईना. किंजलनं ओट्याशी उभ्या माणसाच्या पाठीमागेच बुटकं टेबल आणि हातांची खुर्ची मांडायला लावली. परात फिरू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं. उजव्या हातानं थापायचं, डावा नुसता काठाला टेकू द्यायचा... पहिल्या आठवड्यातली एकही भाकरी धड निघाली नाही. आक्कानं पूर्वी कधीतरी मंगलाच्या पातळ रोटल्यांना "या रोटल्या शेत का रुमाल?" असा टोमणा मारला होता. मंगलानं तो आता फेडला. "आक्का, ही भाकर आहे का गुजरातचा नकाशा?" आक्का हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मी बाहेर पेपर वाचत होतो, तो तसाच हातात राहिला.

पुढे दोघींची जोडी जमली. आक्का खुर्चीत बसून थापायची, मंगला ओट्याशी उभी राहून भाजायची. तवा तापला की मंगला वळून न बघता मागे हात करायची आणि आक्का त्यावर भाकरी ठेवायची. डावा हात पुरता कधीच सुधारला नाही. पण आक्का पुन्हा भांडू लागली, भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठू लागली.

एकदा दाजींचा पुतण्या रवींद्र अमळनेरहून आला. काकूचे पिठाचे हात बघून त्याचा पारा चढला. "मामा, माहेरी आणून हेच करायला लावता? मी हिला घेऊन जातो."

"चूप बस रे," आक्का म्हणाली. "आठे माना हातनी भाकर खातस. तुना घरमा माले कोन करू देई?"

"कुणीच नाही, काकू. तू आराम करशील."

"मंग राहू दे."

आक्का गेली त्याला आता दीड महिना होत आला. तिचं थापणं सरळ नव्हतं. दोन थापा, मग थांबून भाकरी फिरवणं, मग एक. लूमच्या खडखडाटाखाली तो लंगडा ठेका मला अजून ऐकू येतो. मी हिशेबी माणूस, भासावर विश्वास नाही. तरी दाढी करताना हात थांबतो. मंगलाला विचारलं नाही. तिला ऐकू येत नसेल तरी वाईट, येत असेल तरी वाईट.

तेराव्याला प्रश्न आला दुखवट्याचा. बाई गेली की तिच्या माहेरच्यांनी सासरच्या घराला कपडे द्यायचे, म्हणजे दुःखातून उठायला सांगायचं. अग्नी रवींद्रनं दिला होता, आक्काचं सासर म्हणजे त्याचंच घर. त्याप्रमाणे मी त्याला टॉवेल-टोपी दिली, त्याच्या बायकोला साडी. रीतीनं हे बरोबर होतं. मंगला माहेरच्या बाजूची, म्हणजे देणारी. तिला कुणी काही द्यायचं नव्हतं, दुःखातून उठ असंही कुणी म्हणायचं नव्हतं.

संध्याकाळी रवींद्रला परतीची गाडी होती. बरोबर द्यायला मंगला भाकऱ्या करत होती, आता एकटीच, ओट्यावर. रवींद्र पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेला, मी त्याच्यामागे. तवा तापला होता. मंगलानं वळून न बघता मागे हात केला... आणि तसाच धरून ठेवला. खुर्ची रिकामी होती. हात बराच वेळ खाली आला नाही.

रवींद्र पाणी न घेताच बाहेर गेला, बायकोशी हळू काही बोलला आणि पिशवीतली तीच साडी घेऊन आला.

"मामी, ही तुमची."

"अरे, ती देणारी," मी म्हणालो, "घेणारी नाही."

"रीत मला माहीत आहे, मामा. पण काकूचं घर हे होतं. तिनंच मला सांगितलं होतं."

मंगलानं पिठाच्या हातांनी साडी घेतली, आक्काच्या खुर्चीत बसली आणि मोठ्यानं रडली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. तव्यातून धूर येऊ लागला तेव्हा रवींद्रच्या बायकोनं गॅस बंद केला. मंगलाला कुणी उठवलं नाही.

टॉवेल-टोपी रवींद्रकडे गेली. साडी मंगलाकडे राहिली.