दसऱ्यानंतर छत्री नाही

पावसाला तोंडावर ‘चालता हो’ म्हणणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला सासरा म्हणून आला. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे त्यांचं गाव. जूनमध्ये येणाऱ्या पावसाशी त्यांचं काही वाकडं नाही. त्याला ते घरचाच समजतात. पण दसरा झाला की पावसाची मुदत संपली, असा त्यांचा कायदा. दुसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्या छत्र्या पुसून माळ्यावर जातात आणि पेटीतला तपकिरी स्वेटर बाहेर येतो. मग आभाळ फाटलं तरी माळ्याला शिडी लागत नाही. एकदा मी अकोल्याहून एसटीनं आले, तर मामाजी मला घ्यायला उभे. अंगात स्वेटर, आणि स्वेटरातून पाण्याच्या धारा. मी माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरायला गेले, तर ते चार पावलं लांब सरकले. "मिटव थे," म्हणाले. "आपन छत्री उघडली का त्याले वाटते, आपल्याले बलावलंच होतं." ओले कपडेसुद्धा त्या दिवसांत अंगणातच वाळत घालायचे, घरात दोरी बांधली म्हणजे हार मानली! सासूबाई बिचाऱ्या त्यांच्या समाधानासाठी एक जुनं धोतर अंगणात भिजत ठेवत आणि बाकीचे कपडे गुपचूप चुलीमागे वाळवत.

या भांडणाच्या मुळाशी होतं गवत. गावानं धुऱ्यापर्यंत, पार बांधाला लावून सोयाबीन पेरलं, तरी मामाजींनी दोन एकरांचं कुरण राखलं होतं, ते त्यांच्या बैलजोडीसाठी. दसऱ्यानंतर गवत कापायचं, उन्हात उलटंपालटं करून खडखडीत वाळवायचं आणि गंजी रचायची. त्यावर जोडीचा उन्हाळा निघायचा. ट्रॅक्टर आल्यापासून त्या बैलांना काम असं उरलं नव्हतं. मामाजी त्यांना रोज नुसते वावरापर्यंत फिरवून आणत, आणि वाटेत त्यांच्याशी जेवढं बोलत तेवढं घरात कोणाशी बोलत नसत. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्यानं त्यांना स्पष्टच सांगितलं, "बाबा, औंदा गवत सडलं तर जोडी ठेवायची नाई. विकतचा चारा आनून आता जमत नाई." मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आभाळाकडे पाहून म्हणाले, "आयकलं ना बे? आता मस्ती करू नको."

पण मस्ती करायचीच, असं ठरवून तो आला होता. मी मोबाईलवरचा अंदाज दाखवला, तर म्हणाले, "त्याले सांग, गवत कापून झालं." कापलेलं गवत तीनदा भिजलं, तीनदा आम्ही ते उलटवलं. शेवटी मामाजी तडक गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकाकडे गेले. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणाचं लग्न निघत नाही, म्हणजे कार्यालय रिकामंच. "मंग थे पंखे काय भुताइसाठी लावले?" असं त्यांनी विचारलं आणि मालकानं किल्ली काढून दिली. तर अशा रीतीनं त्या दिवाळीत मी फराळाचं सोडून मंगल कार्यालयात गवत परतत होते. वर सगळे पंखे गरगरत होते, भिंतीवर ‘शुभ विवाह’ लिहिलेलं, आणि नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांत गवताच्या दोन पेंढ्या ऐटीत बसलेल्या. आमच्या नाकातोंडात कुसळं गेली, पण गवत वाळलं. हातात घेतलं की चुरचुर वाजायला लागलं.

इथंच मामाजींनी थांबायला हवं होतं. पण शत्रू हरला हे गावाला दिसल्याशिवाय त्यांना चैन कुठून पडणार! पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. गुरं धुऊन, शिंगं रंगवून गावातून मिरवतात. मिरवणुकीच्या वाटेवरच, घरासमोर, मामाजींनी सकाळी उघड्यावर गंजी रचली. नवरा ताडपत्री घेऊन आला, तर त्याला हाकलून दिलं. "झाकलं म्हनजे आपन भ्यालो. आज पाहू दे त्याले." ऊन लख्ख होतं, जोडी गंजीपुढून झुलत गेली, मामाजी स्वेटर घालून फेट्यात उभे होते. दुपारी तो आला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. ताडपत्री टाकेपर्यंत पाणी आतवर मुरलं होतं.

दोन दिवसांनी मामाजींनी गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. मग हळूच म्हणाले, "तापलं." ओलं गवत आतून तापलं की ते काळं पडून सडतं, शेतकऱ्याच्या घरात याहून वाईट शब्द नाही. त्यांनी भर पावसात गंजी उपसली आणि बाजूचं चांगलं गवत वेगळं काढलं, पण ते एका बैलापुरतं जेमतेम होतं. एक विकून एक ठेवू, असं नवरा म्हणाला. मला त्याचा फार राग आला होता. पण बोलताना त्याचंही तोंड उतरलेलं होतं. "जोडी तोडायची नाई," एवढंच मामाजी म्हणाले.

दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्यानं दोन्ही बैल नेले. गाडी सुटायच्या आधी मामाजींनी वाचवलेलं सगळं गवत स्वतः तिच्यात चढवलं. तो माणूस म्हणाला, "काका, चारा आहे मायाकडे." मामाजी म्हणाले, "असू दे. पहिले चार दिवस ओयखीचं खातीन." गाडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला धीरच झाला नाही.

यंदा दसऱ्यानंतर मी गावी गेले. आता हे कुरण मोडून सोयाबीन होणार, असं मी धरूनच चालले होते. आभाळ काळंभोर भरलेलं, आणि मामाजी एकटेच कुरणात बसून सपासप गवत कापत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "मामाजी, आता कोणासाठी कापता?"

त्यांनी विळा थांबवला, एकदा वर पाहिलं आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "हयू बोल, पोरी. गोठा रिकामा झाला हे त्याले अजून मालूम नाई."

मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी कापायला बसले.