बाळ पायावर असताना

मुलुंडच्या त्या घरात मी बाथरूममध्ये पाटावर बसले होते. पाय लांब केलेले, आणि वीस दिवसांची मुलगी माझ्या नडग्यांवर पालथी. तिच्या पाठीचं पीठ धुऊन झालं होतं. बादलीतून तांब्या भरायला मी मान वळवली आणि फरशी फिरली. डोळ्यांपुढे अंधार आला नाही, सगळं स्वच्छ दिसत होतं. पण नळ, बादली, कोपऱ्यातला झाडू, सगळंच एका बाजूला वाहत चाललं होतं आणि थांबत नव्हतं.

मी तांब्या सोडला. पाय घट्ट जुळवले, पुढे वाकले आणि दोन्ही हात बाळावर ठेवले, एक मानेपाशी, एक कमरेवर. माझं कपाळ तिच्या ओल्या पाठीला टेकलं. दारात तिची आजी पंचा घेऊन उभी होती, हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ. तरी माझ्या तोंडून हाक निघाली नाही. त्यांना वाटलं, मी बाळाचे लाड करतेय. हसून म्हणाल्या, "काय गुजगोष्टी चालल्यात दोघींच्या?"

थोड्या वेळाने फरशी जागेवर आली. मी म्हटलं, "आजी, घ्या हिला." मुलीच्या कानामागे अजून पीठ होतं. बाळ असं अर्धवट धुतलेलं मी कधी देत नाही. त्यावरूनच त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. पंच्यात गुंडाळून बाळ आत दिलं आणि परत येऊन मला उठवलं. मी भिंतीला धरून उठले. अंगाला घाम आला होता.

बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून अंघोळ घालायचं हे काम मला सासूकडून आलं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत अर्धी पोरं तिच्या पायावर न्हालेली. एके दिवशी ती म्हणाली, माझे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत, तू जा. तेव्हापासून मी जाते. मला हे काम आवडलं त्याला एक कारण आहे. त्यात बोलावं लागत नाही. लोकांच्या घरात गेलं की मला शब्द सुचत नाहीत. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण त्यामुळे नाही, स्वभावच तसा. बाळ पायावर असलं की मात्र मी कोणाकडे बघत नाही आणि कोणी माझ्याकडे बघत नाही. सगळे बाळाकडे बघतात.

त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. आजींनी मला खुर्चीत बसवलं आणि सुनेसाठी केलेला डिंकाचा लाडू माझ्या हातात दिला. सकाळी काही खाऊन निघत नसशील, त्यानेच होतं, म्हणाल्या. सोमवार होता आणि मला उपास होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलं. बाळाच्या आईने बाळाला पदराखाली घेतलं होतं. ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ते मी पाहिलं.

घरी आले तर प्रत्येकाकडे कारण तयार. नवरा म्हणाला, उपास बंद कर. शेजारीण म्हणाली, पाळी जायचं वय आहे, डोकं फिरणारच. मुलाने फोनमध्ये बघून ब्लडप्रेशर सांगितलं. सासूने मीठमोहरी उतरवून टाकली आणि म्हणाली, "दीठ लागली हा तुका. पण बाळाक काय झाला नाय मा?" सगळ्यांत हे तिने एकटीनेच विचारलं.

मला स्वतःला कुठलंच कारण नको होतं, आणि सगळीच हवी होती. उपास असेल तर खाऊन जाता येईल. रक्त कमी असेल तर गोळ्या घेता येतील. कारण सापडलं की त्याच्यावर काहीतरी करता येतं आणि बाळ पुन्हा पायावर घेता येतं. मला एवढंच हवं होतं. पण त्याच रात्री कूस बदलताना छताचा पत्रा जरासा हलल्यासारखा वाटला. खरंच हलला, की मी वाट बघत होते म्हणून हलला, ते सांगता येत नाही. मी उशी धरून निपचित पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टर वयस्कर, शांत माणूस. निजवून ब्लडप्रेशर बघितलं, मग उभं करून बघितलं. बोटाला टोचून साखर बघितली. पापणी खाली ओढून रक्त बघितलं. मग मला टेबलावर बसवून डोकं एका बाजूला वळवलं आणि तसंच पटकन मागे निजवलं. डोळे उघडे ठेवा म्हणाले. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूने पण काही झालं नाही. मला उगीच लाज वाटली, खोटं बोलून आल्यासारखी.

ते म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते. तिथे बारीक खडे असतात, ते जागचे हलले तर मान वळवताना असं फिरतं. तुमचं वर्णन तसं आहे, पण आज दिसत नाही. मग त्यांनी विचारलं, कुठे बसला होता, काय करत होता. मी तुटक तुटक सांगितलं. बाथरूममध्ये पाणी कशाने तापवतात, म्हणाले. मी म्हटलं, गॅसचा गिझर आहे. आणि खिडकी? खिडकीला आजींनी प्लास्टिक चिकटवलं होतं, बाळाला वारा लागू नये म्हणून. दारही आम्ही तेवढंच उघडं ठेवायचो, पंचा धरणाऱ्यापुरतं.

ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना आत्ताच कळवा. बंद जागेत गिझरच्या ज्योतीने हवा विषारी होऊ शकते. वास येत नाही, काही नाही. बाळ पण तीच हवा घेतंय."

मग कान की गिझर, मी विचारलं. ते म्हणाले, दोन्ही असेल, एकही नसेल, काही वेळा कारण हाती लागतच नाही. काही तपासण्या लिहून दिल्या. उठताना मी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं, बाळ पायावर घेऊ का. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "एकटीने नका घेऊ. पुन्हा कधीच येणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही."

दवाखान्याच्या बाहेर उभं राहून मी मुलुंडला फोन लावला. मी होऊन कोणाला फोन करायची वेळ क्वचितच येते. पण गिझरचं सांगणं जमलं. ते माझ्याबद्दल नव्हतं, भिंतीवरच्या डब्याबद्दल होतं. बाळाच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि गिझर बंद करून टाकला. संध्याकाळी तिचाच फोन आला. गिझर दुरुस्त करणारा माणूस येऊन बघून गेला होता. गिझरमध्ये काजळी धरली होती म्हणे. त्याने तो काढून बाहेर गॅलरीत लावायला सांगितलं, प्लास्टिक फाडून टाकलं. बाळाला डॉक्टरांना दाखवून आणलं, ती ठीक होती. "मावशी, माझं पण त्या बाथरूममध्ये डोकं दुखायचं. मला वाटायचं जागरणाने. तुमच्यामुळे कळलं बघा. आता कारण सापडलंच, तर उद्यापासून या ना."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग सुचलं की पत्रा हलला होता ते मी सांगितलंच नाही. कानाचं सांगितलं नाही. एकटीने घेऊ नका म्हणाले, ते तर नाहीच. गिझरवर सगळं गेलं होतं आणि सगळे खूश होते.

सासू दारात बसून ओल्या काजूगरांची सालं काढत होती. मी तिच्याजवळ बसले, काजूगर हातात घेतले आणि तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. सोलणं थांबलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माका पण येकदा असाच झाला होता."

तिने हळूहळू सांगितलं. पलीकडच्या गल्लीतलं घर, मोरीत बसलेली, पायावर मुलगा. मोरी गरगरली आणि मुलगा पायावरून घसरून परातीत गेला. लागलं नाही, पण गेला. त्याच्या आईने पाहिलं नव्हतं. सासूने त्याला उचलून पुसला, दिला आणि घरी आली.

"कोणाक सांगलंय नाय. गुडघे दुखतत म्हटलंय आणि तुका धाडलंय."

तिचे गुडघे आजवर मला कधी दुखताना दिसले नाहीत. ती देवळाच्या पायऱ्या चढून जाते. हे माझ्या कधी ध्यानात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटलं. मी विचारलं, मग मी काय सांगू तिथे. गुडघे सांगू? ती म्हणाली, तुझं तू बघ, पण पाय तुझे आहेत, बाळ दुसऱ्याचं आहे. आणि काजूगरांचं भांडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेले, ते वाटभर वाक्य जुळवत. बसमध्ये जुळलेलं लिफ्टमध्ये विसरले. आजींनी दार उघडलं, आत या म्हणाल्या, पण मी दारातच उभी राहिले. म्हटलं, नुसता गिझर नसेल. घरी पण मला थोडं फिरल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले एकटीने बाळ घेऊ नका. एवढं बोलून मी पायपुसण्याकडे बघत राहिले.

आजींनी आत बाळाकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण मावशी, माझी नात आहे हो. आता मी तुमच्या पायावर नाही द्यायची तिला. राग मानू नका."

राग कसला. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी वळले तर आतून बाळाची आई आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, मग मी घेते पायावर, मावशी शेजारी बसतील. आजी म्हणाल्या, तुझे टाके अजून दुखतात. ती म्हणाली, "दुखू देत. कधीतरी शिकायचंच आहे ना मला."

ती पाटावर बसली. खिडकीतून गार हवा येत होती आणि आजी पुन्हा पुन्हा तिकडे बघत होत्या, पण उठून त्यांनी ती लावली नाही. मी बाजूला, भिंतीला पाठ टेकून बसले. बाळ तिच्या पायावर ठेवलं आणि ती घाबरली. मुलीची मान कलंडायला लागली. मी एरवी तिथे नुसता हात घातला असता. आता बोलावं लागलं.

"गुडघे जुळव. अजून. मान तुझ्या पंजांपाशी नको, अलीकडे घे. घाबरू नको गं, ती घसरत नाही, पाय दाबून धर. पाणी आधी आपल्या कोपरावर घाल. डोळ्यावर नको, कपाळावर हात आडवा धर. हां. असं."

मुलगी रडत होती, आई घामाने भिजली होती, आणि मी बोलतच होते. परक्या घरात इतकं मी कधीच बोलले नव्हते. तिला अगंतुगं केलं, हेही नंतर आजी हसल्या तेव्हा कळलं.

बाळंतपणाचे दिवस संपेपर्यंत असंच चाललं. आईचा हात बसला. तपासण्या आल्या त्यात रक्त थोडं कमी निघालं, एवढंच. गोळ्या सुरू झाल्या. उपास सोडला. पत्रा पुन्हा हलला नाही. नक्की कशाने झालं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि डॉक्टरांनाही नाही.

शेवटच्या दिवशी बाळाची आई म्हणाली, मावशी, आज एकदा तुम्ही घ्या. मी नको म्हटलं. आजींनीच पाट सरकवला. मग आई माझ्या समोर बसली, तिचे पाय माझ्या पायांना लावून, आणि मुलगी माझ्या नडग्यांवर आली. वजन वाढलं होतं. तिला माझा हात ओळखीचा वाटला की काय, ती लगेच सैल पडली. मी पाठ धुतली, काखा धुतल्या, कानामागे बोट फिरवलं. तांब्या भरायला मान वळवावी लागली तेव्हा हळूच वळवली. फरशी जागेवर होती.

पण त्या सगळ्या अंघोळीत मी बाळाकडे कमी आणि फरशीकडे जास्त पाहिलं. पूर्वी मी असं करत नव्हते. ते मला कळलं, आणि पुढचं मी तिथेच ठरवलं.

आता नवीन घरी बोलावलं की चप्पल काढायच्या आधी सांगते. मला एकदा फिरल्यासारखं झालं होतं, बाळ पायावर असताना. पुन्हा झालं नाही, पण होणार नाही असं नाही. मी शेजारी बसून शिकवीन, पायावर घरच्यांनी घ्यायचं. बाथरूमची खिडकी उघडी हवी. काही जणी चहा देऊन परत पाठवतात. घाटकोपरमध्येच अशी दोन-तीन घरं गेली. काही जणी म्हणतात, बरं, या.

आत गेल्यावर मी दोन पाट मांडून घेते. माझ्या पाटावर बसते, भिंतीला पाठ लावून, आणि समोरच्या बाईला सांगते की हात लांब केला तर माझ्यापर्यंत पोचेल इतकी जवळ बस. मला पुन्हा तसं झालं तर माझ्या तोंडून हाक निघेल की नाही, ते मला अजून माहीत नाही.