येळवशीचं आवतण

लातुरात नवा माणूस उतरला की आधी रेवणप्पाच्या तावडीत सापडायचा. एसटी स्टँडसमोर त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकल घ्या न घ्या, कुठं काय खावं हे ऐकूनच जावं लागे. भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचं सुशीला खायचं तर गंजगोलाईच्या बाजारात गुरम्माकडं, तेही सकाळीच. कडक भाकरी नि शेंगाची चटणी मन्मथच्या खानावळीत. तिथली आमटी झेपणार नसेल तर दही आधीच मागून ठेवावं. लातूर नवा जिल्हा झाला, बाहेरगावचे साहेब-कारकून येऊ लागले, तेव्हा तर रेवणप्पाला बोलायला दिवस पुरेना.

त्याच हिवाळ्यात येळवस आली, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं, बाजारात चिटपाखरू नसतं. घोरपडे नावाचा साताऱ्याकडचा कारकून सगळ्या खानावळींची कुलुपं बघून भुकेजून दुकानाशी आला. रेवणप्पानं त्याला सांगितलं, कुठल्याही शेतात शिरा, आज अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात.

"मग तुम्ही का इथं बसलाय?" घोरपडेनं सरळच विचारलं.

रेवणप्पा एका सायकलीच्या चाकात हवा भरू लागला. शेत होतं त्याचं, हरंगुळात, थोरल्या भावाच्या जोडीला. पण बहात्तरच्या दुष्काळात भाऊ ईश्वरप्पा खडी फोडायला गेला असताना हा गडी म्हातारी आई त्याच्या गळ्यात टाकून, न सांगता लातूरला निघून आला होता. नंतर दरवर्षी तो येळवशीला भावाच्या आवतणाची वाट बघायचा. ते कधी आलं नाही. आपण मनातून उतरलो असं समजून तो दुकानातच कोरडे चुरमुरे खात बसायचा.

एकटं जायला घोरपडे लाजत होता, म्हणून रेवणप्पानं दोन सायकली काढल्या. पाहुण्याला कुठल्या तरी बांधावर सोडून मागं फिरायचं ठरलं होतं. सायकल हरंगुळच्या वाटेला का वळली, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

घरच्याच शेतात, पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसली होती. पाहुणा आणलाय, त्याला वाढा, मी निघतो, एवढं रेवणप्पा कसंबसं बोलला. ईश्वरप्पा उठून आला. चार शिव्या बसल्या असत्या तर रेवणप्पाला बरंच वाटलं असतं.

"इतकी वर्सं का आला न्हाईस?"

"आवतण न्हवतं, अण्णा."

"आवतण परक्याला असतंय, येड्या. शेताच्या मालकाला कोण देतंय?"

भावजय नागम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाली, दरसाल भावजींचं ताट वाढून ठेवायचं नि दिवस मावळला की गाईला घालायचं. रेवणप्पा पंगतीत बसलेल्या घोरपडेच्या शेजारी मटकन बसला.

ईश्वरप्पानं बेसनात शिजवलेल्या मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं. "तू काय बसलास? ऊठ, पाहुण्याला वाढ."

रेवणप्पा उठला. डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला समोरचं दिसत नव्हतं, आणि घोरपडे नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात भज्जी पडतच राहिली.