ज्याचं अंग, त्याची थंडी

वसुधामावशी नमस्काराच्या आधी समोरच्याचा हात हातात घ्यायच्या. जर्मनीत आखनला नोकरी लागली त्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला गेलो, तेव्हा दारातच एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "गार आहे. थंडी वाजतेय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ठीक. हात गार असला म्हणजे थंडी वाजतेच असं नाही. विचारावं लागतं."

मावशी मूळच्या मिरजेच्या, मी सांगलीचा. ओळख व्हायला तेवढं पुरलं. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, इथल्याच दवाखान्यातून निवृत्त झाल्या. मिरज सोडली तेव्हाची मराठी त्यांनी तशीच जपली होती. ट्रेनला त्या आगगाडी म्हणायच्या. मध्येच मात्र 'अगदी बरोबर' म्हणताना एखादं जर्मन 'गेनाऊ' सहज येऊन जायचं. डीटर नावाच्या इंजिनिअरशी त्यांचं लग्न झालं होतं. मी ओळखू लागलो तेव्हा डीटरकाका कंपवातानं अंथरुणाला खिळलेले होते. जिना चढणं थांबलं, म्हणून त्यांचा पलंग तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत आणला होता.

त्या खोलीत शिरलं की थंडीनं अंगावर काटा यायचा. बैठकीची खोली दक्षिणेकडची, मोठ्या काचांची, मागची उत्तरेकडची. हीटिंग चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बैठकीच्या भिंतीवर होता. काचेतून जरा ऊन आत आलं की त्याला वाटायचं घर तापलं, आणि तो तळघरातला बॉयलर बंद करायचा. इकडे काकांच्या खोलीतला, बॉयलरच्या पाण्यावर तापणारा रेडिएटर गार पडायचा. मावशी वारंवार उठून बैठकीत जायच्या, बटण फिरवायच्या आणि दुखरे गुडघे धरत परत यायच्या.

मी मोटारींच्या कंपनीत यंत्रं आपोआप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलचंच काम करत होतो. म्हटलं, "मावशी, थर्मोस्टॅट मागच्या खोलीत हलवू. भिंत फोडून तार न्यायची गरज नाही. हल्ली बिनतारी मिळतात. एक डबी बॉयलरपाशी, दुसरी काकांच्या खोलीत. मी माणूस बोलावतो."

"मला काय सांगतोस? त्याला विचार."

काकांनी नकार दिला. घर बांधलं तेव्हा तो थर्मोस्टॅट त्यांनी स्वतः बसवला होता, तारही स्वतःच ओढली होती. अडखळत, पण ठामपणे ते म्हणाले, "तार कुठून कुठे जाते ते मला माहीत आहे. हवेतून काय जातं ते माहीत नाही."

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "बसवून टाकू या. एकदा ऊब मिळाली की काही बोलणार नाहीत."

मावशी माझ्याकडे वळल्या. "अरे, त्याला भरवते मी, पुसते मी, कूस बदलते मी. त्यानं स्वतः ठरवावं असं आता उरलंय किती? तेवढंही काढून घेऊ? ज्याचं अंग, त्याची थंडी."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ही म्हण मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी कधी ऐकली नाही. बहुधा त्यांचीच असावी.

हिवाळा पुढे सरकला. मावशी अधूनमधून विषय काढायच्या, काका नकाराची मान हलवायचे, मावशी गप्प बसायच्या. मला त्या संयमाचा राग यायचा. एका रविवारी दुपारी मी तिथेच होतो. मावशींनी पांघरूण सारून काकांचे पाय चोळायला घेतले आणि थांबल्या. जर्मनमध्ये, अगदी सावकाश म्हणाल्या, "डीटर, पाय बर्फासारखे झालेत. हाक का नाही मारलीस?"

काकांनी मावशींच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझे गुडघे."

मावशी पाय चोळत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "म्हणजे माझे गुडघे वाचवायला तू गारठून पडतोस. आणि तू गारठशील म्हणून मी उठबस करते. दोघंही मूर्ख."

काका हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आण तुझ्या त्या माणसाला."

हीटिंगचा माणूस आला तो अगदी नवं, चकचकीत यंत्र घेऊन. उभ्या उभ्या मावशींना सांगू लागला, की हे मोबाइलवरूनही चालतं, तुम्ही बाजारात असाल तरी तापमान बदलता येईल. मावशींनी त्याला मध्येच थांबवलं. "मला नका सांगू. खोली त्यांची आहे. खुर्ची घ्या, पलंगाजवळ बसा आणि त्यांना सांगा."

तो जरा ओशाळला, पण बसला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "या बारीक बटणांवर माझं बोट टिकेल का?" नाही टिकलं. मोबाइल तर मावशींकडे असणार, म्हणजे ठरवणार पुन्हा मावशीच. शेवटी साधं, मोठ्या गोल चकतीचं यंत्र आणायचं ठरलं.

ते आलं तेव्हा काकांनी चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्या कामावर देखरेख केली. वीज बंद केल्याची खात्री दोनदा करून घेतली. जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून निघताना त्यांनी तोंड फिरवलं नाही. पहिल्यांदा बिनतारी लहर मागच्या खोलीतून बॉयलरपर्यंत पोचेना. तळघराचा काँक्रीटचा स्लॅब आड येत होता. मी काही सुचवणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "बॉयलरकडची डबी जिन्याच्या तोंडाशी आणा. तिथे वर लाकूड आहे." तसं केलं, आणि लहर पोचली.

मावशींनी ती चकती काकांच्या मांडीवर ठेवली. हात थरथरत होता, तरी त्यांनी ती फिरवली. खाली बॉयलर सुरू झाल्याचा घुमणारा आवाज आला. काका म्हणाले, "हो, चालतंय." आणि पुन्हा थोडी फिरवली, पुन्हा थोडी.

त्यानंतर त्या खोलीत भट्टी असायची. भर जानेवारीत मावशी सुती साडीत, कपाळावर घाम, पदरानं वारा घेत बसलेल्या असायच्या. "मावशी, थोडं कमी करू का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला विचार." काकांनी चकती छातीशी धरली आणि डोळे मिटले. मावशी मिस्कील हसल्या. "बघ. मालक."

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. मावशी ब्रेमेनला लेकीकडे राहायला गेल्या.

काही वर्षांनी सांगलीला बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी गेलो. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. दादा म्हणाला, पंखा दोनवर ठेव. मी म्हटलं, उकडतंय त्यांना, चार कर. डॉक्टर काय म्हणाले, नर्स काय म्हणाली, असा आमचा वाद रंगला. मधे बाबा छताकडे पाहत पडले होते. बोलता बोलता मी थांबलो. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, "बाबा, पंखा किती ठेवू?"

"बंद कर," बाबा म्हणाले. "कालपासून कुडकुडतोय. पण तुमचं चाललं होतं ना."

संध्याकाळी मावशींना फोन करून हे सांगितलं. तुमच्यामुळे सुचलं, असंही म्हणालो. त्यांनी ते ऐकलंच नसावं.

"केलास ना बंद?" त्यांनी विचारलं. "मग झालं तर."