रज्जाक वकील आणि कोंडवाड्यातली म्हैस

खामगावात रज्जाकभाईंच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं, की ‘या, बसा’च्या आधी प्रश्न यायचा, “कापला काय?” नवखा माणूस दचकून खिसा चाचपायचा. मग रज्जाकभाई चष्म्यावरून बघत म्हणायचे, “खिसा नाई, टॅक्स!”

ते वकील नव्हते. एका करसल्लागाराकडे त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. मालक वारल्यावर सरकीच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली, एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि लोकांचे प्राप्तिकराचे कागद भरायला सुरुवात केली. ‘वकील’ ही पदवी गिऱ्हाइकांनीच देऊन टाकली. त्यांनी ती नाकारली नाही, पण तिची फीही कधी घेतली नाही.

मी सोनाळ्याला शिक्षक. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो, खरं सांगायचं तर, लबाडी करायला. आमच्या शाळेतल्या तिघांना एका एजंटानं भरघोस परतावा मिळवून दिला होता. वडील अपंग आहेत असं दाखवलं की करात सूट मिळते, ही त्याची युक्ती. मलाही तेच हवं होतं, फक्त एजंटाचं कमिशन वाचवायचं होतं.

“वडील काय करतात?” रज्जाकभाईंनी विचारलं.

“शेती. सत्तरीतसुद्धा फवारणीचा पंप पाठीवर घेतात,” मी अभिमानानं बोलून गेलो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “असा बाप मले असता, तं मी गावभर मिरवला असता. अन् तुम्ही त्याले कागदावर लंगडा करून राह्यले?”

माझे कान तापले. मग त्यांनी मला त्यांचा कायदा समजावला. “मास्तर, परतावा म्हणजे कोंडवाड्यातली म्हैस. आपली आत गेली असन, तरच सोडवून आणता येते. दुसऱ्याची आणली, तं चोरी. अन् गेलीच नसन, तं काऊन दोर घेऊन फिरता?”

मी रागारागानं उतरलो. पण वडिलांना काही अपंग केलं नाही.

पुढच्या वर्षी त्या तिघांना नोटिसा आल्या. एजंटाचा फोन बंद. अखेर मीच तिघांना घेऊन रज्जाकभाईंचा जिना चढलो. आता तास-दीड तास कीर्तन ऐकावं लागणार, या तयारीनं सगळे खाली मान घालून बसले. रज्जाकभाईंनी खिडकीतून खाली आवाज दिला, “पाच चहा!” आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “चुकल्या माणसाले आधी चहा पायजे. मंग कागद पाहू.” व्याजासकट पैसे कसे परत करायचे ते त्यांनी सांगितलं, उत्तरं लिहून दिली, आणि पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. त्या दिवसापासून मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. काम असो, नसो.

असाच एका रविवारी गेलो, तर जिन्यावर रांग. ‘सरकार सर्वांना टॅक्सचा परतावा देत आहे’ असा कुठलासा मेसेज मोबाइलवर फिरला होता. आयुष्यात कधी कर न भरलेली वीसेक माणसं आधार कार्ड घेऊन आली होती. रज्जाकभाई एकेकाला “कापला काय?” विचारत आणि म्हशीची गोष्ट सांगत. लोक हसत हसत जिना उतरत होते.

शेवटी एक बाई उरल्या. गोदाबाई, शेजारच्या खेड्यातल्या. सगळ्यांसोबत आल्या होत्या, आता परत निघाल्या. “आमचं तं काई कापलं नाई, भाऊ. मालकाचं कापलं होतं म्हणे बँकेनं. पण ते तं गेले.”

“थांब माय!” रज्जाकभाई खुर्चीतून उठलेच.

गोदाबाईंचे पती एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी बँकेत ठेवले, पण आपलं उत्पन्न करपात्र नाही असा फॉर्म द्यायचा राहिला. बँकेनं व्याजावर कर कापला, आणि त्याच वर्षी ते वारले.

“त्यायचं उत्पन्न मर्यादेच्या आत होतं. एक पैसा टॅक्स लागत नव्हता,” रज्जाकभाई म्हणाले. “सगळा वापस भेटते.”

“पण माणूसच नाई ना.”

“माणूस गेला, त्याचा हक्क नाई गेला. तू वारस हायेस. तुह्या नावानं मागू.”

मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, पॅन कार्ड. गोदाबाई एकेक कागद आणत राहिल्या. अर्ज भरायच्या मुदतीला महिना उरला असताना रज्जाकभाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मी भेटायला गेलो, तर त्यांनी डाव्या हातानं उशाखालची फाईल ओढली. गोदाबाईंचीच. त्यांच्या खाटेशी बसून मी लॅपटॉपवर अर्ज भरला. ते एकेक रकाना अडखळत सांगत होते. एका ठिकाणी मी चुकलो, तर म्हणाले, “मास्तर... नापास.” आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले.

अर्ज मुदतीत गेला. पैसे गोदाबाईंच्या खात्यात आले, तेव्हा रज्जाकभाईंना जाऊन तीन आठवडे झाले होते.

गोदाबाई त्यांच्या घरी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. पदराआडून त्यांनी शेतातल्या तुरीच्या डाळीची पिशवी काढली आणि रज्जाकभाईंच्या पत्नीजवळ, मुमताजभाभींजवळ ठेवली. मग गोदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाई, रागवू नका, पण भाऊचं बँकेत काही कापलं असन, तं मागून घ्या. बायकोले भेटते. मले माहीत नव्हतं, तुम्हालेबी नसन.”

मुमताजभाभींनी डोळे पुसले. आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

“त्यांचं कापायची कोणाची हिंमत होती, बाई!”